विहिणीने धाडला रेडा

३ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

फोन न करता पत्र का, ते तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर गॅरेजात पत्रे ठोकून माझे कान गेले. मागच्या खेपेला फोनवर तुम्ही माझी प्रकृती विचारलीत आणि मी तुम्हाला टायरचे भाव सांगितले. तुम्ही हसलात, पण मला फार ओशाळल्यासारखं झालं. म्हणून आता कागद.

काम गाडीचं आहे. आमची मुलगी, म्हणजे तुमची सूनबाई, वरच्या गावातून रोज माणसं खाली आणते आणि संध्याकाळी परत नेते, ती मोठी पेट्रोल गाडी तुम्ही पाहिली आहे. आम्ही तिला हत्तीण म्हणतो. अंगाने तशी आहेच, खाण्यानेही आहे. आता वरच्या गावातल्या पंपाने पेट्रोल ठेवणं बंद केलं. तिथे सगळे ट्रक आणि ट्रॅक्टर, त्यांना डिझेल पुरतं. त्यामुळे पोरगी इथून पेट्रोलचे डबे भरून नेते, शेवटच्या सीटमागे, माणसांच्या पायांशी. परवा तिच्या कपड्यांना वास आला म्हणून विचारलं, तर म्हणते, वळणावर एक डबा कलंडला होता. आणि त्याच फेरीत मागचा एक म्हातारा सिगारेट शिलगावायला निघाला होता, त्याच्या हातावर हिने फटका मारला. हे ती हसत सांगत होती. मला मात्र त्या दिवसापासून झोप नाही.

गाडी सोड म्हटलं तर ऐकत नाही. वरच्या आजारी माणसांना दवाखान्यात कोण आणणार, असं मलाच विचारते. जावईबापू बिचारे वरच्या गावातल्या शाळेतली पोरं आवरतील, पण हिला आवरणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा उपाय एकच. पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. तुमच्या बोटींच्या शेडमध्ये एखादं धडधाकट इंजिन असेल तर कळवा. आपल्या पहिल्याच भेटीत मी डिझेलला रेडा म्हणालो होतो आणि तुमचा चेहरा उतरला होता. तो शब्द मी गिळतो. इंजिन तेवढं द्या.

आपला,
व्याही


१२ ऑक्टोबर

व्याहीबुवांना नमस्कार.

शब्द गिळू नका, अपचन होईल. डिझेल रेडाच आहे. माझा चेहरा उतरला तो तुम्ही ते ह्यांच्या तोंडावर म्हणालात म्हणून. हे मात्र घरी येईपर्यंत हसत होते. म्हणाले, "माणूस तोंडाचा फाटका आहे, पण हात बघितलेस का? अशा हातांच्या घरची मुलगी आपल्याकडे यायला हवी." आज हे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगून टाकते.

इंजिन आहे. ह्यांच्या मागे दुसरी बोट मी मोडीत काढली, पण तिचं इंजिन दिलं नाही. अधूनमधून शेडमध्ये सुरू करून बघते, एका हाकेत उठतं. मूळचं ते एका छोट्या ट्रकचं, ह्यांनी बोटीत बसवलं होतं. समुद्राच्या पाण्याची सगळी नळकांडी काढून पाठवते, तुम्ही तुमचा रेडिएटर लावा. किंमत विचारू नका, सून माझीही आहे.

दोन गोष्टी सांगते. पेट्रोलवाल्यांची सवय म्हणजे चावी फिरवली की इंजिन गप्प. हा चावीला जुमानत नाही. बाजूला एक दांडी आहे, ती ओढली की त्याचं डिझेल बंद होतं, मगच थांबतो. त्या दांडीला तार बांधून सीटपर्यंत आणा. दुसरं म्हणजे पुढच्या अंगाला एक जाड पितळी झाकण दिसेल. ट्रकमध्ये असताना तिथे कसलासा छोटा पंप होता. बोटीत त्याचं काही काम नव्हतं, म्हणून ह्यांनी तो काढला आणि झाकण स्वतः कापून, घासून बसवलं. तिथून तेलाचा थेंब गळत नाही, तेव्हा त्याला हात लावू नका.

सुनेला सांगा, डबे आजपासून बंद. चार दिवस लोक चालत उतरतील.

आपली,
विहीण


९ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी म्हण आहे. ज्याने केली त्याला विहिणी ठाऊक नसाव्यात. तुमचा रेडा ट्रकमधून उतरवताना माझी साखळी-कप्पी करकरली, आणि गाडीत ठेवल्याबरोबर हत्तिणीने पुढचे गुडघे टेकले. नाकापेक्षा मोती जड. पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला तेव्हा कुठे सरळ उभी राहिली. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मधे घालायला एक जाड प्लेट टर्नरकडून कातून घेतली. तेलाचं चेंबर पुढच्या आसाला घासत होतं, ते कापून पुन्हा जोडलं. एवढं सगळं केलं आणि सुरू करायच्या दिवशी तुमच्या दांडीला तार बांधायची विसरलो.

सुरू झाला, चांगला झाला. मग मी सवयीने चावी फिरवली. कसला थांबतोय. मी चावी काढून खिशात घातली तरी हा आपला घुमतोय. मुलगी हसून खाली बसली, शेजारचा टर्नर दुकान सोडून रस्त्यावर गेला. शेवटी मी एक लाकडी फळी घेतली आणि हवा आत जाते त्या तोंडावर दाबून धरली. त्याने ती अशी ओढून घेतली की सुटता सुटेना, तेव्हा गुदमरून थांबला. काय ओढ आहे हो त्याची. आमच्या पेट्रोलला इतकी नव्हती.

तुमच्या झाकणाला हात लावला नाही. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या पाइपावरून ब्रेकला एक रबरी नळी जात होती, ती इथेही हवेच्या पाइपाला जिथल्या तिथे जोडून दिली. ब्रेकला नवे लायनर घातले. त्यामुळे पायडल अजून कडक आहे, चार दिवसांत बसेल. पोरगी म्हणाली, "बाबा, जीव खाऊन दाबावं लागतंय." मी म्हटलं, जड गाडीला जड पाय लागतो, तुझ्याच पायात जोर नाही. ती पुन्हा दाबायला लागली. अंगणात आणि सपाट रस्त्यावर गाडी थांबते ठीक. सोमवारपासून घाट सुरू.

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आपला,
व्याही


१७ नोव्हेंबर

व्याहीबुवांना नमस्कार.

फळीची हकीकत वाचून शेडमधली सगळी माणसं हसली. हे असते तर त्यांनी ती फळी मागवून घेतली असती.

काम नामी केलंत. एवढी मोठी प्लेट कातून घ्यायची म्हणजे खायचं काम नाही. सगळं वाचून बरं वाटलं. फक्त एक विचारू का? रागावू नका. ब्रेकमधलं मला ओ का ठो कळत नाही, बोटीला ब्रेकच नसतो. थांबायचं तर उलटा गिअर टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पण तुम्ही हवेच्या पाइपावरच्या नळीचं लिहिलंत, तिथे मी अडखळले. पेट्रोल इंजिनाला हवेच्या वाटेवर झडप असते म्हणतात. आमच्या इंजिनाला ती नाही. दार सताड उघडं, हवा येईल तेवढी येते. त्या नळीला जे काही लागत असेल, ते तिला इथे मिळतंय ना? एक आपली बायकी शंका. तुमच्या कामात नाक खुपसावं असं माझ्या मनातसुद्धा नाही. तुम्ही जाणते आहात, बघितलंच असेल.

सुनेला आशीर्वाद.

आपली,
विहीण


२४ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

शंका पोचली. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ब्रेक करतोय. ज्या गाड्यांचे ब्रेक मी केले त्या आजपर्यंत सगळ्या थांबल्या, एकही अजून चालत राहिलेली नाही. त्या नळीला ओढ लागते. ती ओढ ब्रेकच्या गोल डब्यात जाते आणि पायाचा जोर चौपट करते. आणि तुमच्या रेड्याला ओढ किती, ते मी माझ्या हातांनी फळी धरून पाहिलं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी नाही.

रागावलेलो नाही. पण तुम्हाला इंजिनाचं मी शिकवत नाही, मला ब्रेकचं तुम्ही शिकवू नये, एवढंच.

पोरगी दोन आठवडे घाट चढ-उतार करते आहे. तक्रार नाही. थोडी गप्प असते, दमत असेल. पुढच्या सोमवारी वरून पूर्ण भरून आणणार आहे, दवाखान्याचा दिवस असतो. डबे नाहीत, वास नाही. मी शांत झोपतो.

कळावे.

व्याही


रविवार, ३० नोव्हेंबर

व्याहीबुवा,

गाडी घाटात उतरू देऊ नका. आधी हे करा, मग पुढचं वाचा.

काल मुलाचं पत्र आलं. सुनेने त्याला शपथ घातली होती की बाबांना कळू द्यायचं नाही. त्याने तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं. मी तुम्हाला सांगते. शपथ मोडली तर मोडली, पाप माझ्या माथी.

वीस तारखेला, गुरुवारी, ती वरून उतरताना तिसऱ्या वळणावर गाडी आवरेना. पायडल पहिल्यांदा दाबलं तेव्हा जरा बरं लागलं, दुसऱ्यांदा दगड. दोन्ही पाय ठेवून ती सीटवरून उठून उभी राहिली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत नेऊन थांबवली. आत तीन माणसं होती. त्यांना वाटलं, समोरून येणाऱ्याला वाट दिली. घरी आली तेव्हा गाडीला लायनरचा जळका वास येत होता. आणि नवऱ्याला काय म्हणाली माहीत आहे? "बाबा म्हणाले ते खरं आहे, माझ्या पायात जोर नाही." रोज सकाळी भिंतीला पाय लावून दाबत बसते. जोर यावा म्हणून.

आमच्याकडे बर्फ न्यायला येतो त्या ट्रकवाल्याला मी काल संध्याकाळी सगळं विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, बाई, डिझेलच्या पाइपात ओढ नसते, म्हणूनच प्रत्येक ट्रकला ओढ काढायचा वेगळा छोटा पंप असतो. म्हणजे व्याहीबुवा, तुम्ही फळी लावलीत तेव्हा ओढ होती, कारण तुम्ही दार बंद केलंत. फळी काढली, ओढ गेली. तुमचा ब्रेकचा डबा रिकामा आहे. आणि पेट्रोलचं इंजिन उतारावर गाडीला जेवढं धरून ठेवायचं तेवढं हे धरत नाही, तेही झडप नाही म्हणूनच.

तो पंप म्हणजे ह्यांनी झाकण लावून बंद केलेला पंप. हे इंजिनातून काढलेली कुठलीही वस्तू टाकत नसत. शेडच्या आढ्याला तारेने बांधून ठेवत, कधीतरी लागेल म्हणत. मी शिडी लावून पाहिलं. मेणकापडात गुंडाळलेला, तेल लावलेला, तिथेच होता.

सकाळपासून तुमच्या गॅरेजात फोन लावते आहे. वाजतो, तुम्हाला ऐकू येत नाही. मुलाच्या घरी फोन नाही. शाळेत लावला, रविवार आहे, कोणी नाही. म्हणून हे पत्र आणि पंप ट्रकवाल्याबरोबर पाठवते. तो उद्या सकाळी तुमच्या दारात असेल. उद्या सोमवार आहे, व्याहीबुवा.

विहीण


३ डिसेंबर

विहीणबाई,

सोमवारचं सगळं क्रमाने सांगतो.

ट्रकवाला आला तेव्हा मी चहा पीत होतो. त्याने पत्र दिलं आणि निघून न जाता समोर उभा राहिला, तेव्हाच मी कप खाली ठेवला. पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि घड्याळ पाहिलं. ती गाडी शाळेच्या फाटकासमोर भरते, निघायची वेळ जवळ आली होती.

शाळेचा नंबर फिरवला. आता बघा माझी दशा. पलीकडे घंटा वाजते आहे की कोणी उचललं आहे, हे मला कळणार कसं? मी ओरडायला लागलो. गाडी उतरवू नको, तिला सांगा गाडी उतरवू नको. कोणी ऐकतंय की भिंतीला सांगतोय, देव जाणे. थांबायची भीती वाटत होती. वाटलं, मी थांबलो आणि नेमकं त्याच वेळी कोणी उचललं तर? म्हणून ओरडतच राहिलो. मग काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ट्रकवाल्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला ट्रकमध्ये बसवलं.

तो घाट मी हजारदा चढलो असेन. त्या दिवशी प्रत्येक वळणाला मी आधी कठडा बघत होतो, मग खाली दरी. एका वळणावर कठड्याचा दगड निखळलेला दिसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ट्रकवाल्याने हाताने खूण केली, जुना आहे, जुना आहे. मला खोटं वाटलं. गाडी समोरून आली तर काय करायचं, हेसुद्धा मला सुचत नव्हतं. ट्रक आडवा घालायचा म्हटलं तर तिचं काय होईल? तुमचा पंप मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

वर पोचलो तर हत्तीण फाटकासमोर उभी. चारही चाकांना दगड लावलेले. माणसं शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली, तोंडं वाकडी करून. दवाखान्याला उशीर झाला म्हणून एक बाई माझ्यावर हात नाचवत होती, मला ती देवीसारखी दिसली. पोरगी बॉनेटला टेकून उभी होती. मी काही बोलायच्या आत तिने माझ्यासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं हळूहळू म्हटलं, "माझा पाय नव्हता, बाबा."

विचारलं नाही हो. सांगितलं. मी आपला मान डोलवत राहिलो. नंतर मला प्रश्न पडला की हिला कोणी सांगितलं? पत्र तर माझ्या खिशात होतं.

तिथेच, शाळेच्या अंगणात, झाकण काढलं आणि पंप बसवला. तुमच्या ह्यांनी असा जपला होता की वायसरसुद्धा नवा लागला नाही. नळी पंपाला जोडली, इंजिन सुरू केलं आणि तिला म्हटलं, दाब. तिने दाबलं, पायडल आत गेलं आणि ती एकदम रडायला लागली. दहा वर्षांची असताना पडली होती, त्यानंतर तिला रडताना मी त्याच दिवशी पाहिलं. आजारी माणसं भरून तीच गाडी घेऊन खाली उतरली. मी शेजारी बसलो. सगळा घाट माझा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला होता, जसा काही ब्रेक माझ्याकडेच आहे.

तुम्ही त्या पत्रात विचारलं होतं. नीट, हळू, मला लागू नये असं विचारलं होतं. मी तुम्हाला काय उत्तर दिलं ते मला पाठ आहे. तुम्ही सरळ मला शिव्या घातल्या असत्या तर कदाचित मी शांतपणे पुन्हा पाहिलं असतं, पण तो दोष तुमच्यावर ढकलणं हा आणखी एक नालायकपणा होईल. ज्या हातांकडे बघून तुमच्या ह्यांनी माझी मुलगी पसंत केली, त्याच हातांनी मी तिला दरीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. यापुढे मला काही विचारायचं असलं तर मी सरळ विचारीन, आणि तुम्हीही नाक मुठीत धरून विचारत जाऊ नका.

तर पहिला सरळ प्रश्न. शाळेत फोन कोणी उचलला होता? पोरगी सांगत नाही, जावई आकाशाकडे बघतात. मी फोनवर जे बोललो ते शिपायाने किंवा हेडमास्तरांनी ऐकलं असलं तर मला त्या फाटकातून पुन्हा जायची लाज वाटेल.

आपला,
व्याही


१० डिसेंबर

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र वाचलं आणि शेडचं दार लावून घेतलं. थोडा वेळ कोणी नको होतं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो काय असतो ते त्या दिवशी कळलं. त्या ट्रकवाल्याला मी जन्मभर बर्फ फुकट देणार आहे.

चूक तुमची एकट्याची नाही. पंपाची जागा मला माहीत होती, ओढीचं काम तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं ब्रेकचं ते बघतील, तुम्ही म्हटलंत इंजिनाचं त्या बघतील. आणि मधे बसली होती ती पोर. मला शंका आली तेव्हा मी ती सजवून, फुलं लावून पाठवली. माझ्या घरी नळ गळला तर मी प्लंबरच्या सात पिढ्या काढते. तुमच्याशीच काय एवढी नाजूक झाले कोण जाणे. व्याही म्हणजे काचेचं भांडं, असं लहानपणापासून ऐकत आले, तेच नडलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुन्हा सुनेची शपथ मोडते, मला आता त्याची सवयच झाली.

शिपायाने नाही, हेडमास्तरांनी नाही. फोन तिने उचलला होता. माणसं गाडीत बसली होती, ती नवऱ्याला डबा द्यायला ऑफिसात गेली होती, तेवढ्यात घंटा वाजली. तुमच्या पहिल्या वाक्यालाच ती म्हणाली, "ऐकलं बाबा, नाही उतरवत." तुम्हाला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं, तुम्ही आपले चालूच. माझा मुलगा शेजारी उभा होता. त्याने खुणेने विचारलं, फोन ठेवून का देत नाहीस? तिने मानेने नाही म्हटलं. पलीकडे तुम्ही म्हणत होता, "तुझा पाय नव्हता पोरी, माझे हात चुकले, माझं चुकलं." एकदा नाही, कितीतरी वेळा. बाहेर माणसं हॉर्न वाजवत होती. तरी ती कानाला फोन लावून उभी राहिली, तुमचा आवाज बंद होईपर्यंत. नंतर मुलाला म्हणाली, बाबा असं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं, मधेच कसा ठेवणार?

तेव्हा लाज वाटायचं कारण नाही. ज्याला ऐकायचं होतं त्यानेच ऐकलं. हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका. आणि कळलं तरी चालेल.

आता माझा एक सरळ प्रश्न. ते पितळी झाकण कुठे आहे? गॅरेजच्या भंगारात टाकलं असेल तर शोधा आणि ट्रकवाल्याबरोबर परत पाठवा. ह्यांनी दोन दिवस घासून केलं होतं. आढ्याला पंपाची तार अजून लोंबते आहे, तिथे बांधून ठेवते.

आपली,
विहीण